सहाव्या ओळीतल्या खुंट्या

आमच्या ह्यांना नीट दिसत नाही ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती, एक ह्यांना आणि एक मला. लेकीला, केतकीला, सांगणार नाहीस अशी ह्यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती, तीसुद्धा पोह्यांच्या डब्यावर हात ठेवून, कारण हिंदूराव हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीचा कागद त्याच डब्यात तळाशी घातला होता. देवघर चार पावलांवर होतं. पण माणूस घाबरला की असलं काहीतरी करतो.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पुरता पिकलेला. हे नोकरीला आहेत त्या शेती संशोधन संस्थेचा दवाखाना आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथं दाखवलं तर फाइलला लागेल, म्हणून हे मला घेऊन दोन बस बदलून हिंदूरावला गेले. तिथली डॉक्टरीण चांगली होती बिचारी. म्हणाली, "अंकल, पंद्रह मिनट का काम है, अगले हफ्ते आ जाइए." हे म्हणाले, बुवाई के बाद. पेरणी झाली तेव्हा म्हणाले, ओंब्या येऊ देत. ओंब्या आल्या तेव्हा म्हणाले, आता असेसमेंट होऊन जाऊ दे. मी भांडले, दोन दिवस बोलले नाही, मग बोलले. काय करणार?

असेसमेंटचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल त्यात एवढं काय. हे बावीस वर्षांचे असताना इंदापूरकडून दिल्लीला आले आणि संस्थेच्या शेतावर रोजंदारीला लागले. आठ वर्षं रोजंदारी, मग टेम्पररी, मग पक्के. आता अठ्ठावन्न. शेत गव्हाच्या चाचण्यांचं. इथल्या शास्त्रज्ञांनी काढलेले नवेनवे गहू शेजारी शेजारी छोट्या वाफ्यांत लावायचे आणि त्यातला कुठला चांगला ते बघायचं. शास्त्रज्ञ येतात, बढती घेऊन जातात. वाफे आखणं, नंबरांच्या खुंट्या ठोकणं, कापणीला एकेका वाफ्याचा गहू वेगळा ठेवणं, हे ह्यांचं काम. दर पाच वर्षांनी बढतीच्या असेसमेंटला बोर्डापुढं बसायचं. दोनदा ह्यांना 'लेखी काम कमी' म्हणून तसंच परत पाठवलं होतं. ही तिसरी वेळ आणि शेवटची. पास झाले तर टेक्निकल ऑफिसर, शेताचे इनचार्ज. रिटायर होताना नावाखाली ऑफिसर लागलं असतं. एवढ्याशा गोष्टीचं माणसाला किती असतं, याचं मला पूर्वी हसू यायचं.

फाइलमध्ये ह्यांच्या बाजूनं एकच गोष्ट जोरदार होती. छत्तीस वर्षांत ह्यांच्या हातून एक खुंटी चुकली नव्हती. नवा शास्त्रज्ञ आला की जुने त्याला सांगायचे, शेंडगेजी ने लगाया है तो देखना क्या. हे घरी येऊन मला ते सांगायचे, तेही असं की जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय.

केतकी आमची एकुलती एक. एम.एस्सी. ॲग्री. शास्त्रज्ञाच्या परीक्षेला तीनदा बसली, एकदा मुलाखतीपर्यंत गेली. मग त्याच शेतावर तिथले शास्त्रज्ञ डॉक्टर इंद्रजितच्या हाताखाली कंत्राटावर लागली. डॉक्टर हरियाणाचा, चाळिशीच्या आतला, माणूस वाईट नाही. कंत्राट दर एकतीस मार्चला संपायचं आणि एक एप्रिलला पुन्हा व्हायचं, झालं तर. तीन वर्षं पुरी झाली की मुलाखतीत अनुभवाचे मार्क मिळतात. तिची दोन झाली होती. आर. के. पुरमला माझी मैत्रीण वृंदा राहते, तिची सलोनी बँकेत चिकटली. वृंदा फोनवर विचारायची, "केतकीचं काय गं?" मी म्हणायची, आणखी एक वर्ष.

सकाळी बापलेक एका स्कूटरवर शेताकडं जायचे. ऑक्टोबरपासून स्कूटर केतकी चालवायची. "तुला प्रॅक्टिस होऊ दे," हे म्हणायचे. तिला शंका आली नाही. मी डबा हातात देऊन दार लावून घ्यायची.

यंदा होळीच्या आधीच वारा तापला. दिल्लीत मार्चचा वारा एकदा पश्चिमेकडून सुटला की ओठ फुटतात, धुतलेले कपडे तासाभरात कडक होतात, आणि गहू दाणा भरायच्या आत पिवळा पडायला लागतो. शेतावर पाणी द्यायची धावपळ चालली होती. हे गुडघ्यांना तेल चोळत झोपायचे आणि सहाला उठून जायचे.

अशाच एका दुपारी केतकी एकटीच जेवायला आली. तोंड लालबुंद, मनगटांवर कुसळांचे ओरखडे. हात धुतले नाहीत, ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, बाबांना दिसत नाही का गं?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "कोण म्हणालं?"

"म्हणजे दिसत नाही. अच्छा."

मी पुन्हा पोळी लाटायला लागले. शपथ मोडली नाही म्हणायची की मोडली, देव जाणे.

तिनं पोळपाटावरची पोळी उचलून ताटात टाकली आणि पिठात बोटानं रेघा ओढायला लागली. "हे बघ. ही पहिली ओळ. वीस वाफे, एक ते वीस, डावीकडून उजवीकडं. आता बाबांची पद्धत काय? ओळ संपली की तिथंच वळायचं. एकवीस नंबर तिथंच, आणि परत येत येत चाळीस."

"औत वळतं तसं," मी म्हणाले.

"हां, बिल्कुल तसं. पण यंदा सरांनी ते बदललं. कॉम्प्युटरला सोपं पडतं म्हणून. आता प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. छापलेला कागद दिला होता सगळ्यांना. बियाणं मशीननं त्या कागदाप्रमाणं पेरलं. मागून बाबांनी खुंट्या ठोकल्या, त्या जुन्या पद्धतीनं. दोन, चार, सहा, आठ, दहा. पाच ओळी उलट्या आहेत, आई. खुंटीवर एक नंबर आणि मागं दुसराच गहू."

"तुला कसं कळलं?"

"प्रत्येक ओळीत तिसऱ्या वाफ्यात एक जुना गहू असतो, खूण म्हणून, चेक म्हणतात. त्याला ते नसतं, काय म्हणतेस तू? ते टोचणारं."

"कुसळ."

"तेच. सहाव्या ओळीत त्याच्या खुंटीला टोचणारा गहू उभा आहे, आणि बिनटोचणारा पार दुसऱ्या टोकाला. फेब्रुवारीत मी परीक्षेच्या सुट्टीवर होते. बाबा बघतायत म्हणून मी निर्धास्त. आणि बाबा रोज तिथून जात होते." तिनं पिठावरच्या रेघा तळहातानं पुसल्या. "रजिस्टरमध्ये 'मांडणी तपासली' असं असतं ना, त्याखाली सही माझी आहे. मी तपासली नव्हती. बाबांच्या खुंट्या मी काय तपासणार यार?"

मला यार म्हणायची तिची खोड आहे. एरवी मी चिडते.

"आता गं?"

"आता काही नाही. सरांना सांगितलं की एका मिनिटात सुधारतं. सम ओळी उलट्या वाचायच्या, बस. पण कशी चूक झाली ते कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर बियाण्यात भेसळ झाली म्हणतील आणि अख्खी चाचणी फेकून देतील, दोन वर्षांचं काम. चोवीसला बाहेरची टीम येतेय बघायला. त्याआधी बाबांनी सांगावं. एक वाक्य आहे, आई."

ती जेवली नाही. ताटातली कच्ची पोळी तशीच राहिली, ती मी नंतर गाईला टाकली.

तिसऱ्या प्रहरी मी ह्यांचा डबा घेऊन स्वतः शेतावर गेले. पंपाच्या खोलीजवळ शिसवीखाली हे बसले होते, बाजूला फावडं, पायांना वाळलेला चिखल. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आधी भडकले.

"माझ्या खुंट्या? चुकल्या? बियाण्यात भेसळ असेल. पोरीला काय कळतं?"

"मग बघून या."

ते उठले. सहाव्या ओळीपर्यंत गेले आणि वाफ्यापाशी गुडघ्यावर बसले. मी मागं उभी. त्यांनी ओंबी बघितली नाही, हातात धरली आणि खालून वर बोट फिरवलं. कुसळ बोटाला लागलं. मग खुंटी नाकाशी आणून नंबर वाचला. नंतर पावलं मोजत दुसऱ्या टोकाला गेले, तिथली ओंबी धरली. ती गुळगुळीत होती. तिथंही खुंटी वाचली. एवढ्या उन्हात ह्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मग चौथ्या ओळीत गेले, मग आठव्या. दहाव्या ओळीत गेलेच नाहीत, परत येऊन बांधावर बसले.

"कागद खिशात होता," म्हणाले.

"मग कुणाकडून वाचून घ्यायचा होता."

"कुणाकडून? वाचून दे म्हटलं असतं की कळलं असतं." फावड्याच्या दांड्यावर अंगठा घासत बसले. "मीटिंगमध्ये सांगितलं होतं सरांनी. नवीन तरीका आहे म्हणाले. मी हांजी म्हणालो. ऐकलं होतं गं मी. ओळ संपली आणि पाय आपले वळले."

मला त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू, खूप दया आली. त्या पायांनी छत्तीस वर्षं तसंच वळायचं शिकून घेतलं होतं.

"आजच सांगा डॉक्टरांना."

"सांगतो."

डबा तसाच परत आणला.

त्या दिवशी डॉक्टर मीटिंगला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मूड नव्हता. मग होळीची सुट्टी आली. मग हे म्हणाले, हेड ऑफिसचा माणूस बसला होता, त्याच्यासमोर कसं बोलणार? मी रोज विचारायची आणि हे रोज नवं कारण आणायचे. केतकी काहीच विचारायची नाही. सकाळी स्कूटर काढायची, हे मागं बसायचे, आणि दोघं गेटमधून बाहेर पडायची.

टीम यायच्या आधीच्या रविवारी मजूर कमी पडले, म्हणून सुट्टी असून दोघं गवत काढायला गेली. मीही गेले, पाणी घेऊन. गव्हात रानटी जई माजते, ती मुळासकट उपटावी लागते, आणि खालची ओली माती सोडत नाही. केतकी ओळीच्या एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. वाकून वाकून उपटत दोघं एकमेकांकडं येत होती. केतकीच्या पाठीवर कुडता चिकटला होता. हे बऱ्याच वेळा जईऐवजी गहू धरायचे, चाचपायचे, सोडून द्यायचे. मधोमध दोघं समोरासमोर आली. ती सहावी ओळ होती. केतकी ताठ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि ह्यांच्याकडं बघत राहिली. ह्यांनी उपटलेली जई बांधावर नेऊन टाकली आणि सातव्या ओळीला लागले.

"बाबा, पाणी प्या," ती मागून म्हणाली.

"होईल एवढी ओळ."

तेवीस तारखेला दुपारी मी दुसऱ्या दिवसाच्या पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत बसले होते. दर वर्षी टीम आली की डॉक्टर निरोप पाठवतात, भाभीजी का पोहा चाहिए. जेवायला घरी आलेली केतकी माझ्यासमोर बसली, तीही निवडायला लागली. ह्यांचं पोट बिघडलं होतं, घरीच होते, आतल्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. दार उघडं होतं.

आणि मी बोलले. कुणी सांगितलं नव्हतं मला. त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांच्यावर खापर फोडता आलं असतं.

"केतकी, तू सव्वीसची आहेस."

"मग?"

"तुला दुसरं मिळेल. इथं नाही तर दुसरीकडं. ह्यांना आता कुठं मिळणार? ही शेवटची वेळ आहे. सतरा एप्रिलला बोर्ड. आठ वर्षं रोजंदारी केलीय त्यांनी, तुला नाही माहीत, तू झाली नव्हतीस."

"आई, सरळ बोल ना."

माझ्या हातात एक खवट दाणा आला, तो मी बाजूला टाकला. "सही तर तुझीच आहे."

असं म्हणाले मी. माझ्या पोटच्या पोरीला. आजही ते वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

केतकी हसली. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं.

"म्हणजे खुंट्या मी ठोकल्या म्हणून सांगू?"

"चाचणी तरी वाचेल."

"बाबांनी सांगितलं तुला विचारायला?"

"नाही गं. देवाशप्पथ नाही."

तिनं आतल्या खोलीकडं बघितलं. मीही बघितलं. पेपर ह्यांच्या तोंडासमोर उभा होता आणि बऱ्याच वेळात त्याचं पान उलटलं नव्हतं. एवढंही अंतर नव्हतं की ऐकू जाऊ नये. केतकीनं मांडीवरची टरफलं ताटात झटकली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चलो, एवढं तरी कळलं."

चोवीसला टीम आली. पाच माणसं, टोप्या घालून, दोन गाड्यांतून. मी पंपाच्या खोलीजवळ टेबलावर पोह्यांचं पातेलं, खोबरं, कोथिंबीर, कागदी बश्या मांडून उभी होते. ती मंडळी ओळीओळीनं फिरत होती, पुढं डॉक्टर इंद्रजित, मागं केतकी टॅब्लेट घेऊन, सगळ्यात शेवटी हे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तो शर्ट मी सकाळी त्यांना हातात दिला होता. अजून वेळ आहे, एवढं मी म्हणाले होते. त्यांनी गुंड्या लावल्या, एक वर एक खाली लागली, ती मी नीट केली.

खायला आले तेव्हा एक पिकल्या केसांचे गृहस्थ बशी हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टर साहब, आपकी छठी लाइन कुछ समझ में नहीं आई. चेक कहाँ है?"

डॉक्टर इंद्रजितचा चमचा थांबला. केतकीकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "शेंडगेजी?"

ह्यांच्या हातात बशी होती. आता, मी मनात म्हणाले. आता बोला. इथं सगळे आहेत, एकदाच काय ते होऊन जाईल, मी पोहे वाढीन आणि आपण घरी जाऊ. मला खरंच वाटलं की ते बोलणार. 

"सर, वो मेरी गलती है," केतकी म्हणाली. "खूँटियाँ मैंने लगाई थीं. पुरानी आदत से घुमा के लगा दीं. दो, चार, छह, आठ, दस, पाँचों लाइनें उलटी पढ़नी हैं. बीज सही है."

 वारा सुटला होता, कागदी बश्यांची चळत उडाली, ती धरायला मी धावले. पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, "चलिए, डेटा बच गया." मग डॉक्टरला जरा हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं, "इतनी बेसिक गलती? लड़की एम.एस्सी. है न?"

"शेंडगेजी की बेटी है," डॉक्टर म्हणाला. "मुझे लगा था…" 

पुरानी आदत से म्हणे. सव्वीस वर्षांच्या पोरीला कसली आली पुरानी आदत? एकालाही तो प्रश्न पडला नाही. डॉक्टरला पडला असेल, असं मला अजून वाटतं. पण कंत्राटी माणूस काढायला एक कागद लागतो आणि पक्क्या माणसावर काही करायचं तर फाइल वर्षभर फिरते. ह्यांनी बशीतले पोहे खाल्ले. सगळे. मी बघत होते, एक दाणा ठेवला नाही, आणि बशी दुमडून पिंपात टाकली.

एकतीस मार्चला केतकीचं कंत्राट संपलं, एक एप्रिलला झालं नाही. डॉक्टरनं तिला खोलीत बोलावून समजावलं, बेटा, गलती मान ली अच्छी बात है, लेकिन ऊपर जवाब देना पड़ता है. ती घरी आली, बूट काढले, त्यांना लागलेली शेतातली माती बाल्कनीत काडीनं खरवडली आणि बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. आठवड्याभरात तिनं नोकरी शोधली. गाझियाबादला बियाण्यांची एक कंपनी आहे, तिथं दिवसभर कानाला हेडफोन लावून शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं द्यायची. सव्वासहाला निघते, दोन मेट्रो आणि एक ई-रिक्षा. घसा बसलेला असतो संध्याकाळी. मी गरम पाण्यात हळद देते. पिते.

गहू कापला गेला. सम ओळी उलट्या वाचल्या आणि चाचणीचा निकाल व्यवस्थित लागला. त्यातला एक गहू पुढच्या वर्षी मोठ्या शेतावर जाणार आहे म्हणतात, केतकीनं दोन वर्षं त्याची उंची मोजली होती.

सतरा एप्रिलला ह्यांचा बोर्ड झाला. घरी आले, शर्ट काढून खुर्चीवर टाकला. मी विचारलं, काय विचारलं?

"विचारलं, छत्तीस साल में फील्ड में कोई गलती?"

"मग?"

"नाही म्हणालो."

मी स्वयंपाकघरात निघून गेले.  मीच तर पोरीला विकून ते उत्तर आणून दिलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर आली. टेक्निकल ऑफिसर, फील्ड इनचार्ज. शेतावरचे लोक लाडू घेऊन घरी आले, फोटो काढले. वृंदाचा फोन आला, अभिनंदन गं, आणि केतकीचं काय? मी म्हणाले, प्रायव्हेटमध्ये लागली. वृंदा म्हणाली, बरंच झालं, सरकारीत काय ठेवलंय आता.

आणि मग ह्यांनी डोळ्यांचं केलं. आता लपवायला काही नव्हतं. संस्थेच्याच दवाखान्यातून चिठ्ठी घेतली, रजा मिळाली, दोन्ही डोळे पंधरा दिवसांच्या अंतरानं. पट्टी काढून घरी आले तेव्हा दारातच थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. "तू एवढी कधी पिकलीस गं?" म्हणाले. मी म्हणाले, तुम्ही बघत नव्हतात तेव्हा. त्यांना भिंतीवरचे तेलाचे डाग दिसायला लागले, कॅलेंडरवरच्या तिथ्या दिसायला लागल्या. केतकी रात्री परत आली की तिच्या डोळ्यांखालचं काळं दिसत असणार, पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

जूनच्या एका रविवारी सकाळी केतकी एक कागद घेऊन ह्यांच्यासमोर बसली. अनुभवाचा दाखला हवा असेल तर आधी शेतावरून मोकळं केल्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो. डॉक्टरची सही झाली होती. खाली एक रकाना राहिला होता.

"बाबा, इथं फील्ड इनचार्जची सही लागते."

ह्यांनी पेन घेतलं. इतक्या वर्षांची सवय, कागद न बघताच म्हणाले, "कुठं करू?"

केतकीनं बोट ठेवलं नाही. "बाबा, वाचून करा," ती म्हणाली. "मी न तपासता केली होती."

मी कणीक मळत होते, तशीच हात भरलेले घेऊन दारात आले.

त्यांनी कागद हातात घेतला. चष्माही लागत नव्हता आता फारसा. शाळेतल्या मुलासारखं बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, इंग्रजी अडखळत, पण सगळं. नाव, केतकी दिनकर शेंडगे. वडिलांचं नाव, दिनकर शेंडगे. कामाचा काळ, दोन वर्षं. मग मुदत न वाढवण्याचं कारण. तिथं बारीक अक्षरांत टाइप केलं होतं. 'शेतातील मांडणीत गंभीर चूक, स्वतः कबूल केली.' तेही वाचलं, आवाज न बदलता. मग सगळ्यात खाली, फील्ड इनचार्ज, दिनकर शेंडगे.

 पंखा फिरत होता, कागदाचा कोपरा हलत होता, तो त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला. केतकी त्यांच्याकडं बघत होती. शेतात मधोमध उभी राहून बघितलं होतं तसंच, कमरेवर हात नव्हता एवढंच. मला वाटलं आता. देवा, आता तरी. डोळे आले, बढती आली, घेण्यासारखं कुणाकडं काही राहिलं नाही, आता एक वाक्य बोलले तर काय जाणार आहे त्यांचं? फॉर्म फाडला तरी चालेल, फक्त पोरीकडं बघून बोला.

त्यांनी मान वर केली. तिच्याकडं बघितलं, चांगलं नीट बघितलं.

"तारीख आजचीच घालू ना?" म्हणाले.

"हो," केतकी म्हणाली. "आजचीच घाला."